ती कार्बन कॉपी नव्हती

म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटच्या आठवणी लिहा म्हणून संपादक तीन वर्षं माझ्या मागे होते. "मजेशीर लिहा राव, तुमच्याकडे कसल्या कसल्या तऱ्हेची माणसं यायची," असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षं मी टाळलं. यंदा मीच त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, लिहितो, पण एकही ओळ कापायची नाही. ते हसून बरं म्हणाले. मजकूर हातात पडल्यावर हसले नसतील.

आमची इन्स्टिट्यूट अग्रहाराच्या सर्कलपासून दोन गल्ल्या आत, औषधाच्या दुकानाच्या माडीवर होती. आठ इंग्रजी यंत्रं, चार कन्नड. सकाळी सहाला पहिली बॅच बसली की खालच्या दुकानातल्या बाटल्या थरथरायच्या. या अंकाच्या वाचकांपैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तो जिना चढलेलं आहे. काहींच्या बोटांवर मी पट्टीही मारली आहे. त्याची माफी मागायची राहिलीच आहे, पण आजची माफी वेगळी आहे.

बाहेरच्या माणसाला टाइपिस्टचं काम म्हणजे बोटांचा वेग वाटतो. वेग सहा महिन्यांत येतो. खरं काम नक्कल ठेवण्याचं. वर जाड कागद, मध्ये कार्बन, खाली पातळ कागद. कळ दाबली की अक्षर दोन्ही कागदांवर उमटतं. वरचा कागद गिऱ्हाइकाचा, खालचा आपल्या फाइलचा. वरचा फाटला, भिजला, कचेरीत हरवला, तरी खालच्याला काही होत नाही, कारण ते दोन वेगळे कागद असतात. मी मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो आणि शेवटच्या दिवशीही हेच. चाळीस वर्षं माझ्या हाताला तेच वळण होतं. त्याच वळणानं माझ्या हातून ते झालं, जे मी सांगणार आहे.

कॉम्प्युटर आले तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी दोन यंत्रं ठेवली, बाकीची भंगारवाल्यानं नेली. मग स्कॅनर आला, प्रिंटर आला, इंटरनेट आलं. लोक मार्क्सकार्ड घेऊन यायचे, घराची कागदपत्रं घेऊन यायचे, स्कॅन करून कुठेतरी पाठवायला सांगायचे आणि पुढच्या महिन्यात तेच परत मागायला यायचे. मी ते ठेवायचो कशात? पहिल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका सकाळी सुरूच झाली नाही, तिच्याबरोबर एका वकिलाची सगळी फाइल गेली. सीडीला ओरखडे पडायचे. पेन ड्राइव्ह एकाच्या मशीनमधून दुसऱ्याच्या मशीनमध्ये व्हायरस न्यायचे.

एकदा नंजनगूडच्या कारखान्यातला एक मनुष्य आला. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझ्या ईमेलवरून एक अर्ज पाठवला होता, तो त्याला हवा होता. माझ्या मशीनमध्ये तो उरला नव्हता. सहज म्हणून मेलचा 'पाठवलेले' हा कप्पा उघडला, तर अर्ज तिथे जसाच्या तसा. सोबतची सर्टिफिकेटंसुद्धा. मी खुर्चीला टेकून बराच वेळ बघत राहिलो. म्हणजे आपल्याला एक कपाट मिळालं आहे आणि ते या माडीवर नाही. तिथे वाळवी नाही, गळणारं छप्पर नाही, चोर नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःलाच पत्रं पाठवू लागलो. गिऱ्हाइकाचा कागद स्कॅन करायचा, मेलला जोडायचा, 'कुणाला' या जागी इन्स्टिट्यूटचाच पत्ता घालायचा, विषयाच्या ओळीत नाव, गाव आणि कागद काय ते लिहायचं, पाठवून द्यायचं. आपल्याकडे आडनावं फारशी नाहीत, अर्धा म्हैसूर नागराज आणि उरलेला मंजुनाथ, म्हणून गावाचं नाव लागायचंच. पुन्हा हवं तेव्हा नुसतं गाव टाइप करून शोधलं की पत्र पुढ्यात. आजच्या मुलांना यात नवल वाटणार नाही. फाइली ठेवायला त्यांच्याकडे वेगळी सोय असते. ती मला तेव्हा माहीत नव्हती. ही सोय मी सगळ्यांना फुकट देत होतो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

नंजनगूडच्या त्या गृहस्थाचे एकट्याचे अकरा बायोडेटा माझ्याकडे होते. प्रत्येकाच्या विषयात 'शेवटचा' असं लिहायला लावायचा. एका मुलीच्या बापानं स्थळांच्या साठ-सत्तर पत्रिका ठेवल्या होत्या. मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, तरी म्हणाला, असू द्या, धाकटीला लागतील. धाकटी तेव्हा सातवीत होती.

आणि सोसले गावचा शेतकरी सिद्दप्पा. त्याच्या घराच्या आणि जमिनीच्या कागदांचं स्कॅन माझ्याकडे होतं. दर महिन्याला टी. नरसीपूरहून बस धरून तो यायचा, चपला जिन्याखाली काढायचा, माडीवर येऊन विचारायचा, "इद्या, सार?" आहे का.

"इदे, सिद्दप्पा."

"तोरसी." दाखवा.

मी पत्र उघडून दाखवायचो. तो स्क्रीनकडे बघून हात जोडायचा आणि जायचा. कागद कधीच न्यायचा नाही. मी एकदा हसून म्हटलं, "अरे, ओरिजिनल तुझ्या ट्रंकेत आहेत ना?" तो म्हणाला, "ट्रंक मनेल्लिदे सार, इदु देवर हत्र इदे." ट्रंक घरात आहे, हे मात्र देवापाशी आहे. हा किस्सा मी लोकांना फार रंगवून सांगायचो.

आता सुमतीअक्कांचं सांगतो.

अक्का सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. माझ्या मुलीला त्यांनी शिकवलं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. यजमान गेले, मुलगा प्रसन्न परदेशी गेला, आणि निवृत्तीनंतर अक्कांनी एक काम अंगावर घेतलं. म्हैसुरातल्या, नंजनगूडच्या, नरसीपूरच्या आपल्या मराठी घरांत जायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून घरच्या रीती उतरवून घ्यायच्या. दसऱ्याला मांडलेल्या गोंब्यांसमोर, म्हणजे बाहुल्यांसमोर, कोणतं गाणं म्हणतात, गौरीला कोणत्या घरी कशाचा नैवेद्य, कोणत्या घरात कोणत्या दिवशी कढई चढवत नाहीत आणि ते का. आपली घरातली मराठी, निम्मी कन्नड, ती जशी कानावर पडली तशीच लिहायची. खाली सांगणारीचं नाव, माहेर, वय. नंजनगूडच्या एका गंगूबाईंच्या नोंदीखाली अक्कांनी लिहिलं होतं, 'वय एक्क्याण्णव, दात नाहीत, चाल पक्की.'

हे सगळं अक्का जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या आणि आठवड्याला माझ्याकडे आणून द्यायच्या. मी टाइप करायचो. प्रुफं त्या लाल पेनानं तपासायच्या, शाळेची वही तपासावी तशी. माझ्या चुकांना शेरे असायचे. "श्रीनिवासराव, वेलांटी कुठे गेली? पळाली काय री?" दुरुस्त्या करून मी तो भाग स्वतःला मेल करायचो आणि जागा अडू नये म्हणून मशीनमधून पुसून टाकायचो. चार वर्षं हे चाललं. चारशेच्या आसपास पानं झाली.

एकदा त्यांनी विचारलं, "हे कॅलेंडरचे कागद ठेवू का हो? कपाट भरलं."

मी म्हटलं, "कशाला अक्का? झुरळं होतील. सगळं मेलमध्ये आहे. आपल्यानंतरही राहील."

"निजवागलू?" खरंच का, म्हणून त्यांनी विचारलं.

"अक्का, मी कॉपी ठेवल्याशिवाय कधी कागद सोडलाय?"

त्यांनी ते कागद न्हाणीघरातल्या हंड्याखाली जाळले. चार वर्षांचे कागद, त्यावर पाणी तापलं. मी सांगितलं म्हणून.

प्रसन्ननं त्यांना घरी कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हा, आपलं लिखाण त्यांना घरी बघता यावं म्हणून मी मेलचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्या पेटीत शेकडो लोकांचे कागद होते. एका पासवर्डानं ते सगळे उघडे होते, आणि मी तो चिठ्ठीवर लिहून दिला. अक्कांवर विश्वास होता हे खरं, पण आज एखाद्या मुलानं असं केलं तर मी त्याच्या बोटांवर पट्टी मारीन.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेल उघडला की वर लाल पट्टी येऊ लागली. जागा संपत आली आहे, नवं पत्र आता घेता येणार नाही. मी विचार केला तो टाइपिस्टासारखा. प्रत्येक पत्र मी स्वतःला पाठवलेलं. म्हणजे ते 'आलेले' या कप्प्यात एक आहे आणि 'पाठवलेले' या कप्प्यात एक. वरचा कागद आणि कार्बन कॉपी. दोन्ही ठेवायची काय गरज? आलेला जाड कागद राहू दे, पाठवलेला पातळ कागद काढून टाकू. निम्मी जागा मोकळी होईल.

दुपारी जेवण करून आलो आणि बसलो. 'पाठवलेले' उघडलं. सगळ्यांवर खूण केली. काढून टाका. ती कचऱ्याच्या कप्प्यात गेली. कचराही जागा खातो हे मला ठाऊक होतं, म्हणून कचराही रिकामा केला. कायमचं काढायचं का, असं मशीननं विचारलं. हो म्हटलं. पट्टी गेली. मी खाली उतरून कॉफी प्यायलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या त्या मेलमध्ये स्वतःला पाठवलेलं पत्र दोन कप्प्यांत दिसत असलं तरी ते एकच पत्र होतं. तिथे कार्बन नव्हता. एका ठिकाणी काढलं की दुसरीकडूनही जात होतं. हे कुठेतरी लिहिलेलं असणार. मी वाचलं नव्हतं. मला वाचायची गरज वाटली नव्हती, कारण नकलेचं काम मला चाळीस वर्षं येत होतं.

दोन दिवसांनी सिद्दप्पा आला. "इद्या, सार?"

"इदे," म्हणत मी सोसले टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा केलं. त्याच्या बापाचं नाव टाकलं. 'आलेले' उघडलं, तिथे दुकानांच्या जाहिराती आणि बँकेची पत्रं.

"इल्वा, सार?" नाही का, म्हणून त्यानं हळूच विचारलं.

मी त्याला सांगितलं, नेट स्लो आहे, पुढच्या आठवड्यात ये. तो गेल्यावर मी जिन्याचं दार लावलं. माझ्या लक्षात आलं होतं. सगळ्यात आधी मी नरसीपूर टाइप केलं, मग नंजनगूड, मग सुमती. कंपनीला लिहिलं. यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं, आणि त्यात माझं पत्र मिळाल्याबद्दल आभार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. जिना चढून दम लागलेला, हातात ती पासवर्डची चिठ्ठी. बसल्या नाहीत.

"श्रीनिवासराव, माझं काही दिसत नाही हो. काल मी घरी उघडलं होतं. मध्येच एक चौकोन आला, काहीतरी विचारत होता. मी ओके दाबलं. माझ्या दाबण्यानं गेलं का हो?"

मी तोंड उघडलं ते खरं सांगायला. हे मी आज लिहितो, पण त्याला पुरावा नाही. त्या वेळी डोळ्यांपुढे सिद्दप्पा होता, पत्रिकावाला होता, जिन्याखाली लावलेली पाटी होती: 'आपले कागद आमच्याकडे सुरक्षित'. मी विचारलं, "काय लिहिलं होतं चौकोनात?"

"इंग्रजीत होतं. मी घाईत होते. चष्मा नव्हता."

मी म्हटलं, "कदाचित त्यानंच झालं असेल."

कदाचित. टाइपरायटरवर खोटा शब्द उमटला की रबरानं खोडता येतो, कागदाला भोक पडतं पण शब्द जातो. हा गेला नाही.

अक्का खुर्चीवर बसल्या. "अय्यो रामा," एवढंच. मग म्हणाल्या, "माझं जाऊ दे. तुमच्या बाकीच्या लोकांचं? त्यांचंही माझ्यामुळे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

पुढच्या आठवड्यात सिद्दप्पा आला तेव्हा अक्का मुद्दाम येऊन बसल्या होत्या. मी नको नको म्हणत होतो. त्या उठल्या आणि सोसल्याच्या त्या शेतकऱ्यापुढे हात जोडले. शुद्ध कन्नडात सांगितलं, की माझ्या हातून चूक झाली, तुमचे कागद गेले. तो बिचारा गडबडून गेला. "अय्यो, परवागिल्ल, अम्मा! ओरिजिनल मनेल्लिदे," असू द्या, मूळ कागद घरी आहेत, म्हणत त्यानंच त्यांचे पाय धरले. मी मधल्या टेबलाशी उभा राहून प्रिंटरमध्ये कागद घालत होतो. प्रिंटर भरलेला होता.

पुढे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेच सांगितलं. एका बाईंकडे पासवर्ड होता, त्यांनी काहीतरी दाबलं. नाव सांगत नव्हतो. म्हैसुरात नाव सांगावं लागत नाही. बहुतेकांचे मूळ कागद घरी होते, त्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांचं मूळ जळून गेलं होतं अशा एकट्या अक्का.

त्यांनी काम पुन्हा सुरू केलं नाही. कुणाकडे जाणार? गंगूबाई गेल्या होत्या. चार वर्षांत निम्म्या बायका गेल्या होत्या. उरलेल्यांतल्या काहींना आता नुसतं नाव सांगितलं तरी ओळख पटत नव्हती.

माझी बायको पद्मा हिला मी पंधरा दिवसांनी खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"बघतो."

पाच वर्षांनी मी इन्स्टिट्यूट बंद केली. मला हार घातला, नारळ दिला. अक्का आल्या होत्या. भाषणात त्या म्हणाल्या, श्रीनिवासरावांनी माझी एवढी मोठी चूक पोटात घातली, कधी एका शब्दानं बोलले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मा उठून बाहेर गेली.

हे असंच राहिलं असतं. या वर्षी नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी अक्कांच्या घरी गेलो. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, गुडघे धरले आहेत, बुद्धी लख्ख. आम्ही बोलत असताना भिंतीतल्या कपाटात काहीतरी वाजायला लागलं. अक्कांनी खिडकीतून हाक मारली, "शारदा! ए शारदा, ये ग, प्रसन्नचा फोन आलाय!" शारदा म्हणजे शेजारीण. ती घरी नव्हती. फोन कपाटात वाजत राहिला. अक्का हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मग तो थांबला.

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही उचलायचा ना."

"नको हो. माझा हात लागला की जातं. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. करत नव्हत्या. प्रसन्ननं तीन वर्षांपूर्वी तो फोन पाठवला होता. टॉवेलात गुंडाळून, खोक्यात घालून कपाटात ठेवलेला. शारदा चार्ज करते, शारदा उघडते, शारदा धरते. कॉम्प्युटर तर त्या आठवड्यातच चादर घालून झाकला, तो पुन्हा उघडला नाही. "नातू चार वर्षांचा झाला," अक्का म्हणाल्या. "रोज फोटो पाठवतात म्हणे. शारदाला सवड असली की दाखवते. तिलाही संसार आहे. रोज कशी म्हणू? आणि मी दाबायला गेले आणि पोराचे फोटोच गेले तर?"

मी पत्रिका ठेवली आणि उठलो. बारा वर्षं मी समजत होतो की माझ्या हातून चारशे पानं गेली.

घरी येऊन पद्माला सांगितलं. ती म्हणाली, "आता तुम्ही सांगता, की मी सांगू?" मग काय वाटलं कोण जाणे, उठून माळ्यावरची ट्रंक काढायला लागली. इन्स्टिट्यूटचं उरलेलं सामान तिच्यात होतं. फिती, रबर, शेवटचं एक यंत्र, आणि एकपाठी कागदांचा गठ्ठा. एकपाठी म्हणजे एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू कोरी. असे रद्दी कागद आम्ही मुलींना सरावाला द्यायचो, कोरा कागद वाया जाऊ नये म्हणून. पद्मानं एक उलटा केला. एका बाजूला कुण्या मुलीनं 'ए एस डी एफ' चाळीस ओळी टाइप केल्या होत्या. दुसऱ्या बाजूला देवनागरी मजकूर, आणि त्यावर लाल पेनानं: 'वेलांटी!!'

अक्कांची प्रुफं. दुरुस्ती झाल्यावर मीच ती सरावाच्या गठ्ठ्यात टाकत होतो. आम्ही दोघांनी सगळा गठ्ठा जमिनीवर पसरून उलटा केला. त्रेपन्न पानं मिळाली. बाकीची कुण्या कुण्या मुलीच्या सरावाबरोबर गेली. एका पानावर गंगूबाई होत्या, अर्ध्या. गाणं पुढच्या पानावर गेलं होतं आणि ते पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं घेऊन मी गेलो. पद्मा येते म्हणाली, मी नको म्हटलं. अक्कांच्या समोर बसून पहिल्यापासून सांगितलं. लाल पट्टी, दोन कप्पे, कचरा, कॉफी. काही वगळलं नाही. अक्का शिक्षिका आहेत. त्यांनी मला मध्ये थांबवून नीट समजून घेतलं.

"म्हणजे पत्र एकच होतं, दोन ठिकाणी दिसत होतं."

"हो."

"वर्गातलं एकच पोर दोन खिडक्यांतून दिसावं तसं. आणि तुम्हाला वाटलं दोन पोरं आहेत."

"हो, अक्का."

"आणि मी दाबलं ते काय होतं?"

"पासवर्ड लक्षात ठेवू का, एवढं विचारणारा चौकोन असणार. तसाच यायचा. त्यानं काही जात नाही. आणि तुम्ही दाबलं त्याच्या आधीच गेलं होतं, दोन दिवस आधी."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

अक्कांनी पानं चाळली. एका ठिकाणी थांबून वाचलं, ओठ हलले, गाणं असावं. मग पानं नीट करून कडा जुळवल्या.

"मी त्या सोसल्याच्या माणसापुढे हात जोडले," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघत होता."

मी मान खाली घातली.

मग मी म्हटलं, "अक्का, तो फोन काढा. मी दाखवतो. बोट लावल्यानं काही जात नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत असं कुणी बोललं असतं तर पाहिलं असतं तसं. "तुमच्या सांगण्यावर मी कागद जाळले, श्रीनिवासराव. तुमच्या सांगण्यावर बारा वर्षं हात आवरून बसले. आता पुन्हा तुमच्याच सांगण्यावर?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं की माझ्या हातानं गेलं. आता चारचौघांतच सांगा की नाही गेलं. तोंडी नको. छापून. मंडळाच्या अंकात येऊ दे, सगळ्या घरांत जातो तो. मी चष्मा लावून वाचीन. मग बघू फोनचं."

निघताना मी विचारलं, "ही पानं स्कॅन करून आणू?"

"नको," त्या म्हणाल्या. "कागद माझ्याकडे राहू देत."

तेव्हा मंडळींनो, ज्यांनी ज्यांनी बारा वर्षांपूर्वी माझ्या तोंडून ऐकलं की एका बाईंनी काहीतरी दाबलं, त्यांना सांगतो. त्या बाई सुमतीअक्का होत्या आणि त्यांच्या दाबण्यानं काहीही गेलं नव्हतं. तुमची पत्रं मी काढली, माझ्या हातानं, दुपारी जेवून आल्यावर. तुमच्यापैकी कुणाच्या आईनं, आजीनं अक्कांना काही सांगितलं असेल आणि ते तुम्हाला अजून आठवत असेल, तर अक्कांच्या घरी जाऊन सांगा. लिहून घ्यायला मी येईन, त्या येऊ देतील तर. सोसल्याला मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. सिद्दप्पा आता नाही. त्याच्या मुलाला सांगितलं. त्याला काही आठवत नव्हतं, तरी त्यानं ऐकून घेतलं.

अक्का, हे छापून आलं आहे. संपादकांनी एकही ओळ कापलेली नाही. कपाट उघडा, टॉवेल काढा. हिरवा गोल आला की त्यावर बोट ठेवून वर सरकवा. काही जाणार नाही. पलीकडे तुमचा नातू असेल.